चालक नसलेली मोटार पादचाऱ्याशी कशी बोलणार?

सेलू हे मनमाड–परभणी लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव. गावातून जिंतूरकडे आणि पाथरीकडे रस्ते जातात. अशा कोणत्याही गावातल्या वर्दळीच्या रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे उभे राहिले, तर एक गोष्ट सहज दिसते. शाळा सुटलेली मुले, पिशवी घेतलेल्या आजी, सायकल हातात धरून चालणारा माणूस, असे सगळे रस्ता ओलांडत असतात आणि समोरून मोटारसायकली, ॲपे रिक्षा, एसटी, ट्रॅक्टर येत असतात. सिग्नल नसतो, झेब्रा पट्टे बहुधा पुसलेले असतात. तरीही बहुतेक वेळा माणूस पलीकडे सुखरूप पोचतो. याचा अर्थ असा की, त्या दोन-चार सेकंदांत चालक आणि पादचारी यांच्यात काहीतरी बोलणे होऊन जाते. एकाने सांगितलेले असते, दुसऱ्याला ते कळलेले असते.

आता समजा, समोरून येणाऱ्या मोटारीत चालकच नाही. ती स्वतःच स्वतःला चालवते आहे. मग 'मी थांबते, तुम्ही जा' हे पादचाऱ्याला कोण सांगणार, आणि कसे? जगभरच्या प्रयोगशाळांत आणि मोटार कारखान्यांत या प्रश्नावर बरेच काम झाले आहे. वरवर पाहता हा दिव्यांचा किंवा पाट्यांचा प्रश्न वाटतो. पण खोलात गेले की लक्षात येते, हा प्रश्न 'भाषा' या विषयातलाही आहे आणि भौतिकशास्त्रातलाही. म्हणूनच तो शिक्षकांनी वर्गात घ्यावा असा आहे.

आज रस्त्यावर कोणती भाषा चालते?

रस्त्यावरच्या आपल्या खुणा आठवून पाहा. पादचारी तळहात वर करून 'थांबा' म्हणतो. चालक हाताने 'जा, जा' करतो. हॉर्न एकदा हलका वाजवला तर 'मी आहे बरं का' आणि लांबवर दाबून धरला तर 'बाजूला व्हा'. एसटीत कंडक्टरची एक घंटा म्हणजे थांबा आणि दोन घंटा म्हणजे चला. 'डबल बेल' हा शब्द तर आपल्या बोलण्यातच मुरला आहे. मालमोटारीच्या मागच्या बाजूला रंगवलेले 'हॉर्न ओके प्लीज' हाही मागून येणाऱ्यासाठी लिहिलेला संदेशच होता. त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवण्यास उत्तेजन मिळते म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये तो लिहिण्यास मनाई केली.

या सर्व खुणांमध्ये एक गोष्ट समान आहे. खुणेचा अर्थ खुणेत नसतो, तो लोकांनी ठरवलेला असतो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे समोरचा दिवा उघडझाप करणे. आपल्याकडे समोरच्या गाडीने दिवा लुकलुकवला तर त्याचा अर्थ साधारणपणे 'मी येतो आहे, तुम्ही थांबा' असा घेतला जातो. इंग्लंडमध्ये अनेक चालक हीच खूण 'तुम्ही आधी जा' या अर्थाने करतात. गंमत अशी की, तिथल्या अधिकृत वाहतूक नियमपुस्तिकेनुसार तिचा अर्थ 'मी येथे आहे' एवढाच असायला हवा. एकच दिवा, एकच उघडझाप, आणि अर्थ परस्परविरुद्ध! ज्या पादचाऱ्याने एका देशात ही खूण शिकली, तो दुसऱ्या देशात तिच्यावर विसंबून पाऊल टाकील तर जिवाशी गाठ पडेल.

चालकविरहित मोटारीला नवा दिवा लावायचा म्हणजे अशी एक नवी खूण लोकांत रुजवायची. हे काम दिवा बनवण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

डोळ्याला डोळा भिडतो का?

'रस्ता ओलांडताना चालकाच्या डोळ्यांत पाहा, त्याने तुम्हाला पाहिले आहे याची खात्री करा,' असे आपण मुलांना सांगतो. चालकविरहित मोटारीच्या संशोधनाची सुरुवातही याच समजुतीने झाली. चालक गेला, म्हणजे नजरानजर गेली. तेव्हा तिची जागा भरून काढणारे काहीतरी गाडीवर बसवले पाहिजे.

पण ही समजूत तपासून पाहिली तेव्हा वेगळेच दिसले. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये असे दाखवले की, नेहमीच्या उजेडात १५ मीटर अंतरावरच्या चालकाची नजर कोठे आहे हे ९० टक्क्यांहून अधिक लोकांना ठरवता येत नाही, आणि ३० मीटरवरून तर चालक दिसतच नाही. पुढच्या काचेवर आकाशाचे प्रतिबिंब पडलेले असते, आत अंधार असतो. दुपारच्या उन्हात समोरून येणाऱ्या मोटारीकडे पाहिले तर हे कोणालाही पडताळता येईल. अथेन्स, लीड्स आणि म्युनिक या तीन शहरांतल्या रस्त्यांवर केलेल्या निरीक्षणांतही, चालक आणि पादचारी हात, मान किंवा दिव्यांच्या उघड खुणा फार क्वचित करतात असे आढळले. बहुतेक निर्णय दुसऱ्याच कशावरून तरी होत होते.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात २०१६ च्या सुमारास एक मजेदार प्रयोग झाला. चालकाला मोटारीच्या आसनासारखा दिसणारा वेश चढवला. बाहेरून पाहणाऱ्याला आसन रिकामेच वाटे. अशी 'रिकामी' गाडी पाहून लोक गोंधळून जातील, असे वाटले होते. पण बहुतेक लोकांनी तिच्यासमोरून नेहमीसारखाच रस्ता ओलांडला. ते गडबडले ते गाडी चुकीचे वागली तेव्हा. म्हणजे पादचाऱ्यासाठी थांबलेली गाडी तो ओलांडू लागताच पुढे सरकली तेव्हा.

मग पादचारी नेमके काय वाचत असतो? तो गाडीची चाल वाचत असतो. ती किती अंतरावर आहे, किती वेगाने येते आहे, आणि मुख्य म्हणजे तिचा वेग कमी होऊ लागला आहे का, हे तो पाहतो. रस्त्यावरची पहिली भाषा दिव्यांची नाही, गतीची आहे.

गतीची भाषा: थोडे गणित

ही भाषा आकड्यांत मांडून पाहू. रस्ता ७ मीटर रुंद आहे असे धरू. साधा माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो, म्हणजे त्याला रस्ता ओलांडायला जवळजवळ ६ सेकंद लागतात. वयस्क आजी सेकंदाला ०.८ मीटर चालत असतील तर त्यांना जवळजवळ ९ सेकंद लागतील. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. या वेगाची मोटार ६ सेकंदांत सुमारे ६७ मीटर आणि ९ सेकंदांत १०० मीटर पुढे येते. म्हणजे मोटार थांबणारच नसेल, तर आजींना १०० मीटर मोकळा रस्ता हवा. गावातल्या रस्त्यावर इतकी मोकळीक क्वचितच मिळते. तेव्हा मोटारीने वेग कमी करणे आणि तो कमी होतो आहे हे आजींना वेळेवर कळणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

आता दोन मोटारींची कल्पना करा. दोन्ही ताशी ४० किलोमीटर वेगाने येत आहेत आणि दोन्ही पादचाऱ्याच्या वाटेपासून ५ मीटर अलीकडे थांबणार आहेत. पहिली मोटार सावकाश ब्रेक लावते. तिचा वेग दर सेकंदाला सेकंदामागे २ मीटरने घटतो. 'वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट' या परिचित सूत्राने तिला थांबायला सुमारे ३१ मीटर लागतात. म्हणून ती पादचाऱ्यापासून ३६ मीटरवर असतानाच ब्रेक लावू लागते. दुसरी मोटार करकचून ब्रेक लावते. तिचे मंदन तिप्पट, म्हणजे ६ मीटर प्रतिसेकंद वर्ग आहे. तिला सुमारे १० मीटर पुरतात, म्हणून ती १५ मीटरवर येईपर्यंत आपला वेग तसाच ठेवते.

अपघात दोन्ही वेळा होत नाही. दोन्ही मोटारी एकाच ठिकाणी थांबतात. पण दुसरीचा निरोप पादचाऱ्याला सुमारे दोन सेकंद उशिरा मिळतो. त्या दोन सेकंदांत घाबरलेला माणूस मागे सरतो, पळत सुटतो किंवा जागच्या जागी थिजतो. यंत्राच्या हिशोबात दोन्ही मोटारी सारख्याच सुरक्षित असतात, पण माणसाच्या दृष्टीने त्यांतली एकच सभ्य आहे. म्हणून चालकविरहित मोटारीला सर्वप्रथम शिकवण्याची गोष्ट ही की, थांबायचे ठरले की लवकर आणि दिसेल असे थांबावे.

येथे मुलांबद्दल एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. समोरून येणारी वस्तू जवळ येते आहे हे आपल्याला तिचा आकार डोळ्यांत वाढत गेल्यामुळे कळते. पावणेदोन मीटर रुंदीची मोटार ५० मीटरवरून सुमारे २ अंशांची दिसते. ४० मीटरवर ती अडीच अंशांची होते, म्हणजे वाढ अर्ध्या अंशाची. पण २० मीटरवरून १० मीटरवर येताना तीच ५ अंशांवरून १० अंशांवर जाते. दूरच्या गाडीच्या आकारातला बदल इतका सूक्ष्म असतो की तो टिपायला सरावलेली दृष्टी लागते. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांवर प्रयोग केले. ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने येणारी गाडी पाच सेकंदांवर असताना ती जवळ येते आहे, हे या मुलांना खात्रीने ओळखता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे 'नीट पाहून रस्ता ओलांड' असे आपण मुलाला कितीही बजावले, तरी वेगवान गाडी त्याला नीट दिसतच नाही. दोष मुलाच्या लक्षाचा नसून गाडीच्या वेगाचा असतो.

दिवे, अक्षरे आणि डोळे

गती ही पहिली भाषा असली तरी ती अंधारात, धुक्यात किंवा गर्दीत कमी पडू शकते. शिवाय गाडी थांबलेली असताना गतीला सांगण्यासारखे काही उरत नाही. उभी गाडी आपल्यासाठी थांबली आहे की आत्ता निघणार आहे? अशा वेळी पूरक खुणांची गरज भासते. गेल्या काही वर्षांत अशा खुणांचे अनेक प्रयोग झाले.

गूगलने पादचाऱ्यांना सूचना देणाऱ्या मोटारीचे एक पेटंट मिळवले ते २०१५ मध्ये. त्याच वर्षी मर्सिडीज कंपनीने आपल्या एफ ०१५ या प्रायोगिक मोटारीतून रस्त्यावरच लेसरने झेब्रा पट्टे उमटवून दाखवले. २०१६ मध्ये सेमकॉन या स्वीडिश कंपनीने पादचारी दिसताच पुढच्या भागावर प्रकाशाचे हास्य उमटवणारी मोटार मांडली. २०१७ मध्ये फोर्ड कंपनी आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठ यांनी काचेच्या वर दिव्यांची एक पट्टी बसवली. पांढरा प्रकाश स्थिर असेल तर गाडी आपली आपण चालते आहे, तो इकडून तिकडे सावकाश सरकत असेल तर ती थांबते आहे, आणि भराभर लुकलुकत असेल तर ती निघणार आहे. २०१८ मध्ये जग्वार लँड रोव्हरने एका लहान गाडीला मोठे गोल डोळे लावले. ते पादचाऱ्याकडे वळून पाहत. त्याच वर्षी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ड्राइव्ह डॉट एआय या कंपनीच्या गाड्या 'तुम्ही ओलांडण्याची वाट पाहत आहे' अशा अर्थाचा मजकूर पडद्यावर दाखवत फिरल्या.

टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एका गाड्याला यांत्रिक डोळे बसवून त्याच्या चित्रफिती आभासी वास्तवाच्या उपकरणातून अठरा जणांना दाखवल्या. गाडीची नजर दुसरीकडे असेल तर 'तिने मला पाहिलेले नाही' हे लोकांना कळत होते. विशेषतः पुरुषांचे धोकादायक रीतीने ओलांडण्याचे निर्णय त्यामुळे कमी झाले. अठरा माणसांचा प्रयोग लहानच म्हणायचा, पण दिशादर्शक आहे.

या सर्व खुणांची वर्गवारी केली तर त्या चारच प्रकारचे निरोप देतात असे दिसेल:

पहिला, 'मी कोण?' म्हणजे गाडी माणूस चालवतो आहे की यंत्र.
दुसरा, 'मी तुम्हाला पाहिले आहे.'
तिसरा, 'मी आता थांबत आहे' किंवा 'मी आता निघत आहे.'
चौथा, 'तुम्ही आता ओलांडा.'

पहिल्या निरोपासाठी एक रंग पुढे आला आहे. मोटारीच्या दिव्यांत पांढरा, तांबडा आणि पिवळा हे रंग आधीच वापरात आहेत. हिरवा सिग्नलचा आहे आणि निळा तातडीच्या वाहनांचा. म्हणून एसएई इंटरनॅशनल या अभियंत्यांच्या संघटनेने २०१९ मध्ये निळा-हिरवा, म्हणजे मोरपिशी छटेचा दिवा सुचवला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया आणि नेव्हाडा या राज्यांत तो वापरण्यास मर्सिडीजला २०२३ च्या अखेरीस मान्यता मिळाली. हा दिवा 'मला यंत्र चालवते आहे' एवढेच सांगतो. गाडी थांबणार की नाही, हे तो सांगत नाही.

'तुम्ही जा' असे गाडीने का म्हणू नये?

चौथा निरोप पादचाऱ्याला सर्वांत सोयीचा वाटेल. पण अनेक संशोधक नेमका तोच देऊ नये असे म्हणतात. कारण समजण्यासाठी पुन्हा आपल्या रस्त्यावर येऊ. समजा, मोटार थांबली आणि तिने 'ओलांडा' असा दिवा लावला. शाळेतली मुलगी निघाली. तेवढ्यात थांबलेल्या मोटारीच्या बाजूने एक मोटारसायकल भरधाव पुढे आली. हे दृश्य आपल्याला अनोळखी नाही. मोटारीने वचन दिले ते स्वतःपुरते खरे होते, पण मुलीने ते संपूर्ण रस्त्याविषयी आहे असे मानले. म्हणून गाडीने फक्त स्वतःविषयी बोलावे. 'मी थांबले आहे' म्हणावे, 'तुम्ही जा' म्हणू नये. निर्णय पादचाऱ्याचा राहू द्यावा.

दुसरी अडचण अशी की, रस्त्याच्या दोन्ही कडांना मिळून पाच माणसे उभी असतील तर 'तुम्ही' म्हणजे कोण? माणूस एकाकडे पाहून मान हलवतो, दिव्याला ते जमत नाही. तिसरी अडचण अक्षरांची. पडद्यावरचा मजकूर कोणत्या भाषेत असावा? सेलूच्या रस्त्यावर मराठी वाचणारे आहेत, उर्दू वाचणारे आहेत, आणि अजून काहीच न वाचणारी पहिलीची मुलेही आहेत. चौथी अडचण दृष्टिहीन व्यक्तींची. त्यांना दिवा, अक्षरे, डोळे यांतले काहीच उपयोगाचे नाही. त्यांच्यासाठी आवाज हवा. पण प्रत्येक गाडी बोलू लागली तर आपल्या हॉर्नच्या गोंगाटात आणखी भर पडेल. आणि पाचवी अडचण विश्वासाची. लोकांना दिव्याची सवय लागली आणि एखाद्या दिवशी दिवा बिघडला किंवा चिखलाने झाकला गेला, तर सवयच घात करील.

बोलण्याआधी पाहणे

चांगला वक्ता आधी चांगला श्रोता असावा लागतो, असे आपण मुलांना सांगतो. मोटारीलाही हे लागू आहे. 'मी तुम्हाला पाहिले' असे म्हणण्यापूर्वी तिने खरोखर पाहिलेले असले पाहिजे. त्यासाठी तिच्यावर कॅमेरे, रडार आणि अनेक गाड्यांत लायडार हे उपकरण असते. लायडार लेसरची स्पंदने सोडते आणि ती परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते. ४५ मीटरवरच्या माणसावरून प्रकाश परत यायला सेकंदाच्या तीस-लाखांशाहूनही थोडा कमी वेळ लागतो. दहावीच्या विद्यार्थ्याला हे गणित तोंडी करता येईल.

अंतर मोजणे सोपे, अर्थ लावणे अवघड. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतल्या टेम्पी या गावात उबर कंपनीच्या चाचणीतल्या मोटारीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला ठोकर दिली आणि तिचा मृत्यू झाला. गाडीत देखरेखीसाठी बसवलेल्या व्यक्तीचे लक्ष रस्त्यावर नव्हते. चौकशीत दिसून आले की, यंत्रणेला ती सुमारे ५.६ सेकंद आधी दिसली होती. परंतु यंत्रणेने तिला कधी अज्ञात वस्तू, कधी मोटार, कधी सायकल ठरवले. दर वेळी ओळख बदलली की तिच्या आधीच्या हालचालीची नोंद हिशोबातून निघून जाई. आणि झेब्रा पट्टे नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडत असेल, ही शक्यता त्या यंत्रणेच्या रचनेत धरलेलीच नव्हती.

हे शेवटचे वाक्य सेलूच्या रस्त्यावर उभे राहून वाचावे. जेथे झेब्रा पट्टेच नाहीत तेथे प्रत्येक पादचारी त्या यंत्रणेच्या व्याख्येबाहेर पडतो. सायकल हातात धरलेला माणूस, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, मध्येच उभी राहिलेली गाय, हे सारे यंत्राला वेगळे शिकवावे लागेल. या दिशेने आपल्याकडे काम सुरू झाले आहे. हैदराबादच्या आयआयआयटी संस्थेच्या पुढाकाराने २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांच्या सुमारे १० हजार चित्रांचा एक संच तयार झाला. त्यात रिक्षा आणि जनावरे यांचेही स्वतंत्र वर्ग केलेले आहेत. आयआयटी हैदराबाद येथे 'तिहान' हे केंद्र असून तेथील चाचणी मार्गाचे उद्‌घाटन २०२२ मध्ये झाले. आपल्या परभणीतही वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतीसाठी रोबोट, ड्रोन आणि स्वयंचालित वाहने यांविषयीचा प्रकल्प राबवला गेला. शेतातले वाहन रस्त्यावरच्या मोटारीहून सावकाश चालते खरे, पण शेतातही माणसे असतात. निंदणी करणाऱ्या बाईला ते वाहन वळणार की थांबणार हे कळायलाच हवे.

कोणी कोणाची भाषा शिकायची?

फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, तसेच चीनमधील वुहान अशा शहरांत चालकविरहित टॅक्सी प्रत्यक्ष धावू लागल्या. भारतात त्या येऊ देणार नाही, कारण चालकांचा रोजगार जाईल, अशी भूमिका केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नागपुरात मांडली. तेव्हा सेलूत अशी मोटार उद्याच येईल असे नाही. पण अडथळा दिसताच आपणहून ब्रेक लावणाऱ्या मोटारी आपल्या रस्त्यांवर आल्याच आहेत. निर्णयाचा काही भाग यंत्राकडे गेलेला आहे, आणि बाहेरच्या माणसाला तो कळत नाही.

आपल्या रस्त्यावरचा व्यवहार हा घासाघीशीचा असतो. पादचारी अर्धे पाऊल टाकतो, चालक थोडा वेग कमी करतो, मग पादचारी दुसरे पाऊल टाकतो. पूर्ण मोकळी जागा मिळण्याची वाट न पाहता तो एकेक पदर ओलांडत जातो. यंत्र फार भिडस्त असेल तर बाजाराच्या दिवशी ते जागचे हलणारच नाही. अमेरिकन अभ्यासक ॲडम मिलार्ड-बॉल यांनी २०१८ मध्ये हेच गणिती खेळाच्या रूपात मांडले. यंत्र नेहमी थांबते हे कळल्यावर लोक त्याची पर्वा करणार नाहीत आणि शहरे पायी चालणाऱ्यांची होतील. मग दुसरा धोका पुढे येतो. गाडीचा खोळंबा होतो म्हणून माणसांनाच कुंपणे घालावीत, मुलांनी दिव्यांची भाषा पाठ करावी आणि चुकले तर दोष त्यांचा, असे म्हणणारे निघतील.

हा प्रश्न तंत्राचा राहत नाही, न्यायाचा होतो. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दिवसाला सुमारे ९०. या सर्व गाड्यांत चालक होते, डोळे होते, हॉर्न होते. उणीव होती ती वेळेवर वेग कमी करण्याची आणि चालायला सुरक्षित जागा असण्याची. यंत्र थकत नाही, दारू पीत नाही, मोबाईल पाहत नाही. ते पादचाऱ्यासाठी दरवेळी लवकर आणि स्पष्टपणे थांबायला शिकले, तर त्याचे स्वागत करावे. पण शिकण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, सात वर्षांच्या मुलावर नाही.

वर्गात करण्याजोगे

१. शाळेच्या आवारातून किंवा गच्चीवरून, म्हणजे सुरक्षित जागेवरून, रस्त्याचे अर्धा तास निरीक्षण करावे. रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येकासाठी नोंद करावी: हात दाखवला का, गाडीने वेग कमी केला का, हॉर्न वाजला का, दिवा लुकलुकला का. शेवटी उघड खुणा किती आणि केवळ गतीवर झालेले निर्णय किती, याचा स्तंभालेख काढावा. आपला निष्कर्ष युरोपातल्या तीन शहरांसारखा येतो का?

२. फळ्यावर मोटारीचे पुढचे तोंड काढून तिच्यावर तीन खुणा दाखवाव्यात: हिरवा दिवा, सरकणारा पांढरा दिवा, हसरे तोंड. अर्थ न सांगता प्रत्येकाने तो कागदावर लिहावा. हिरवा दिवा 'मी जाते' असे सांगतो की 'तुम्ही जा'? वर्गात दोन तट पडण्याची शक्यता आहे. मग शब्दांना अर्थ कसा मिळतो, ही चर्चा भाषेच्या शिक्षकांनी पुढे न्यावी.

३. वर दिलेले दोन मोटारींचे गणित ताशी ६० किलोमीटर वेगासाठी करावे. वेग दीडपट झाला, तर थांबण्याचे अंतर कितीपट होते? उत्तर सव्वादोनपट येईल. ते का, हे सूत्रातल्या वर्गावरून मुलांनी स्वतः सांगावे.

या तीन तासिका झाल्या की मुलांना आणखी एक प्रश्न द्यावा: आपल्या शाळेसमोर गाड्या सावकाश चालाव्यात म्हणून आज काय करता येईल? पट्टे रंगवणे, गतिरोधक, शाळा सुटण्याच्या वेळी रस्त्यावर एक मोठे माणूस. मुलांनी आपल्या निरीक्षणाचा आलेख आणि गणित जोडून नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला अर्ज लिहावा. त्यासाठी चालकविरहित मोटारीची वाट पाहण्याचे कारण नाही.